एका घोड्यावर दोन वाटा

२०२५च्या पावसाळ्याच्या अखेरीस माझ्या मुलीनं जेवताना एक विषय काढला आणि ताटातलं अन्न ताटातच राहिलं. तिला मोटारसायकल घ्यायची होती. स्कूटर नव्हे, मोटारसायकल. आम्ही राहतो रोडपालीला, कळंबोलीच्या कडेला. तिचं ऑफिस ऐरोलीला, म्हणजे रोज येऊन-जाऊन पन्नासेक किलोमीटर. शिवाय दोन-तीन महिन्यांतून एकदा खेडला आजोळी जायचं आणि जमलं तर कधी सातारा, कधी कोल्हापूर. ती म्हणाली, "अब्बा, दोन्हीला चालेल अशी एकच गाडी हवी. दोन गाड्या ठेवायला ना पैसे आहेत, ना बिल्डिंगखाली जागा."

माझी पत्नी काही न बोलता उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिच्या गप्प बसण्याचं कारण मला ठाऊक होतं. ते पुढे सांगतो.

कविता लिहिणाऱ्या माणसाला गाडीबद्दल कोणी सल्ला विचारू नये. पण बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. कोणताही प्रश्न समोर आला की तो पूर्वी कोणाला पडला होता, हे शोधायची खोड तेव्हापासून लागली आहे. रोज जवळ जायला एक वाहन आणि लांब जायला दुसरं, की दोन्हीला मिळून एकच? हा प्रश्न आमच्या पनवेलच्या मातीत फार जुना आहे.

पनवेल हे मुळात बंदर. मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीत बसून भरतीच्या पाण्याबरोबर पनवेलच्या खाडीत शिरायचा, बंदरावर उतरायचा आणि तिथून पुढे घाटाची वाट धरायचा. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात बोरघाटाचा चाकाच्या गाड्या जाण्याजोगा रस्ता खुला झाला. त्याआधी घाट चढायचा तो पायी, पालखीत, नाहीतर घोड्या-बैलांच्या पाठीवर. घाटात धनगरांचा शिंग्रोबा आहे. इंग्रजांना डोंगरातली वाट दाखवणारा धनगर म्हणून त्याची कथा लोक सांगतात आणि आजही ड्रायव्हर तिथं गाडीचा वेग कमी करून नाणं टाकतात.

त्या काळात घाट चढायला कोणता घोडा घ्यायचा? श्रीमंताच्या पागेत अरबी घोडा असे. दिसायला देखणा, उंच, सपाटीवर वाऱ्यासारखा. पण दख्खनची मोहीम चालली ती भीमथडीच्या तट्टांवर. भीमेच्या खोऱ्यातलं हे जनावर अंगानं आखूड, पण काटक. मिळेल तो चारा खाणारं, घाटात पाय न चुकणारं, ओझं घेऊन दिवस दिवस चालणारं. मराठ्यांच्या फौजेत बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार मात्र स्वतःचा घोडा आणत असे. स्वतःच्या पैशानं घोडा घेणारा माणूस दिसण्यावर भाळत नसणार, कारण जनावर मेलं तर नुकसान त्याचं. आज बँकेच्या हप्त्यावर गाडी घेणारी आमची पोरं म्हणजे एका अर्थानं शिलेदारच आहेत. फरक एवढाच की त्यांना अरबी घोड्याच्या जाहिराती दिवसरात्र दिसत असतात.

स्वातंत्र्यानंतर घोड्याची जागा यंत्रानं घेतली. लष्करानं सरहद्दीवरच्या गस्तीसाठी इंग्लंडची एनफिल्ड बुलेट निवडली आणि १९५५ साली मद्रासला तिची जुळणी करणारी कंपनी उभी राहिली. पुढे विलायतेतली मूळ कंपनी बंद पडली, पण मद्रासची चालू राहिली. १९६१च्या सुमारास म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला. मूळची चेकोस्लोव्हाकियाची ही जावा १९७३पासून येझदी या नावानं धावू लागली. एस्कॉर्ट्सची राजदूत मूळच्या पोलिश गाडीवरून घडलेली. १९७३च्या 'बॉबी' सिनेमानंतर तिच्या एका छोट्या मॉडेलला लोक बॉबीच म्हणू लागले. तीन देशांच्या तीन गाड्या, आणि आपल्या माणसाला निवड करायची ती एवढ्यातच.

आणि मोटारसायकल घेणारे तरी किती? आपल्याकडे मध्यमवर्गाचं वाहन होतं स्कूटर. बजाजनं आकुर्डीला १९७२मध्ये जी स्कूटर काढली तिचं नावच मुळी राणा प्रतापांच्या घोड्याचं होतं, चेतक. परवाना राज्यात नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. नंबर आलेला माणूस पेढे वाटायचा. ज्याला पर्यायच नाही, त्याला निवडीचा प्रश्न पडत नाही. चेतकवर बायको मागे, मुलगा पुढे उभा, पायाशी पिशवी आणि स्टेपनी, अशा थाटात माणसं महाबळेश्वरपर्यंत जात. तेच रोजचं वाहन आणि तेच लांबचं.

मी कॉलेजात असताना पनवेल एसटी स्टँडजवळ एक काळी येझदी उभी असायची. तिचा एक गंमतीदार भाग म्हणजे ज्या दांडीनं किक मारायची तीच दांडी वळवली की गिअरची होई. उलट जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. एकीवर हात बसलेला माणूस दुसरीवर बसला की भांबावून जायचा. अडीचशे किंवा साडेतीनशे सीसीच्या या गाड्या लांबच्या रस्त्याला राजस होत्या. पण रोज वापरायच्या म्हटलं की मालकाला अर्धा मेकॅनिक व्हावं लागे. प्लग साफ करायचा, पॉइंट घासायचे, कार्ब्युरेटरशी झटापट करायची. दोन तेलटंचाया पाहिलेल्या देशात पेट्रोलही मोजून टाकावं लागे.

१९८०च्या दशकाच्या मध्याला जपानी तंत्राच्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या. त्यांतल्या दोनांची नावं घराघरांत पोचली. १९८५ची हिरो होंडा सीडी १०० आणि त्याच साली आलेली यामाहा आरएक्स १००. पहिली चार-स्ट्रोक आणि पेट्रोल वाचवणारी, दुसरी दोन-स्ट्रोक आणि पोरांना वेड लावणारी. या गाड्यांनी मध्यमवर्गाचा प्रश्नच बदलून टाकला. "किती पळते?" हे कोणी विचारेनासं झालं. "ॲव्हरेज किती देते?" हाच एक प्रश्न उरला. पुढची पंधरा वर्षं देश या एका प्रश्नावर चालला. म्हैसूरचा कारखाना १९९६ला बंद पडला, त्याच साली आरएक्स १००सुद्धा थांबली. बुलेटही टेकीला आली होती. आयशरच्या हाती गेल्यामुळे ती तगली.

माझीही शंभर सीसीचीच गाडी होती. कोणत्या कंपनीची, हे सांगायचं कारण नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. २००१च्या जूनअखेर खेडहून निरोप आला की सासरे आजारी आहेत. एसटीची वाट बघण्याइतका धीर नव्हता. पत्नी मागे, दोन वर्षांची मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये, टाकीवर कपड्यांची बॅग. पोलादपूर सोडलं आणि कशेडी घाटात पावसानं गाठलं. चढ कसाबसा संपला. उतारावर एका वळणापलीकडे एसटी बस अचानक थांबलेली दिसली. मी मागचा ब्रेक जिवाच्या आकांतानं दाबला. भिजलेल्या ड्रम ब्रेकनं आधी काहीच केलं नाही आणि मग एकदम चाकच जाम केलं. गाडी आडवी झाली. मुलगी आईच्या कुशीत होती, तिला खरचटलंसुद्धा नाही. पत्नीचं मनगट मोडलं. त्या दिवसापासून ती माझ्या मागे कधी बसली नाही. मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

शहरात ऑफिसला जायला आणि येताना भाजी आणायला केलेल्या गाडीवर मी तीन माणसं, एक बॅग आणि एक घाट लादला होता. रोजच्या घोड्यावर लांबची वाट चालायला निघालो होतो. इतिहास शिकलेल्या माणसानं करू नये ती चूक.

त्याच सुमारास आमच्या दारातला रस्ता बदलला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२मध्ये पूर्ण खुला झाला. तो सुरू होतो कळंबोलीला, रोडपालीपासून हाकेच्या अंतरावर. देशातला अशा प्रकारचा पहिला सहापदरी काँक्रीट रस्ता. आणि नेमक्या याच वर्षांत मोटारसायकलींनाही बळ आलं. नोव्हेंबर २००१मध्ये बजाजची पल्सर आली, १५० आणि १८० सीसीची. २००३मध्ये हिरो होंडाची करिझ्मा आली, २२३ सीसीची. दोन हजार सालच्या प्रदूषण-नियमांनी दोन-स्ट्रोकचा धूर मागे सारला होता. शंभरावरचा वेग सहज गाठणारी गाडी पहिल्यांदाच साध्या नोकरदाराच्या आवाक्यात आली होती.

पण द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी. ही बंदी आजही आहे आणि ती योग्यच आहे असं मला वाटतं. घाटात थोडं अंतर जुना आणि नवा रस्ता एक होतो, तेवढ्यापुरतीच दुचाकीला मुभा. २०२४च्या जानेवारीत अटल सेतू झाला, त्यावरही दुचाकी चालत नाही. म्हणजे बघा, गाड्या मोठ्या होत गेल्या आणि सगळ्यांत मोठे रस्ते त्यांच्यासाठी बंद राहिले. आमच्या कळंबोलीच्या सर्कलवर रविवारी पहाटे जाकिटं घातलेली पोरं जमतात. समोर गुळगुळीत रस्ता पसरलेला असतो आणि ती सगळी वळून जुन्या रस्त्याला लागतात. खोपोलीमार्गे शिंग्रोबाच्या चढणीनं, म्हणजे १८३०च्याच वाटेनं. नाहीतर पळस्प्याहून कर्नाळ्याच्या बाजूला वळतात. तो गोव्याचा रस्ता. त्याचं रुंदीकरण २०११पासून चाललेलं, डायव्हर्जन आणि खड्डे सगळ्यांना तोंडपाठ झालेले.

इथं मला आमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर सापडलं. गाडी किती वेगानं पळू शकते, हा आकडा आमच्यासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. ज्या रस्त्यावर तो वेग उपयोगी पडला असता, तिथं आम्हाला प्रवेशच नाही. आम्हाला लागतो तो कमी वेगातला जोर, चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये न गुदमरणारं इंजिन, खड्डा सोसणारी सस्पेन्शन आणि पावसात भरवशाचा ब्रेक. थोडक्यात, भीमथडीचं तट्टू.

मी मुलीला तसं सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "अब्बा, तुम्ही घाटाचाच विचार करताय. मी घाटात वर्षातून दहा दिवस असेन. उरलेले दिवस मी तुर्भ्याच्या सिग्नलला असेन." तिनं आपल्या जुन्या स्कूटरवर आठवडाभर एक हिशेब ठेवला होता. कळंबोलीपासून ऐरोलीपर्यंत पाय किती वेळा जमिनीला टेकवावा लागतो, याचा. सरासरी निघाली एका फेरीला एकतीस. कळंबोलीचे लोखंडाचे ट्रेलर, तळोजा एमआयडीसीचे टँकर, जेएनपीटीचे कंटेनर, या सगळ्यांच्या मधोमध एकतीस वेळा पाय टेकायचा. तिची उंची पाच फूट दोन इंच.

हे ऐकल्यावर माझ्या मनातला यादीचा क्रम उलटा झाला. २०१६ साली रॉयल एनफिल्डची हिमालयन आली तेव्हापासून उंच, लांब पल्ल्याच्या गाड्यांची आपल्याकडे रांग लागली आहे. २०२३च्या अखेरीस आलेल्या ४५२ सीसीच्या हिमालयनची सीट सव्वाआठशे मिलिमीटरच्या आसपास आणि वजन सुमारे १९६ किलो. चाकणच्या कारखान्यातून २०२०मध्ये बाहेर पडलेल्या केटीएम ३९० ॲडव्हेंचरची सीट त्याहूनही उंच, ८५५. लडाखला जाणाऱ्या सहा फुटी माणसासाठी ही उंची सोयीची असते, खाली खडक लागत नाही. पण बेलापूरच्या खिंडीत, चढावर, पावसात, मागून हॉर्न वाजत असताना ज्याचा पाय अर्धाच टेकतो, त्याची गाडी उभ्या-उभ्या कलंडते. आणि दोनशे किलोची गाडी एकदा कलली की ती हातानं सावरता येत नाही.

२०१९ची हिरोची एक्सपल्स २०० वजनाला हलकी, दीडशे किलोच्या वर थोडीशी. पण उंची तिचीही तशीच. शिवाय तिच्या तारांच्या चाकात ट्यूब असते. ट्यूबचं पंक्चर म्हणजे चाक सोडवणं आलं. ट्यूबलेस टायरमधला खिळा काढून दोरी भरायला पाच मिनिटं पुरतात. रात्री आठला पोलादपूरच्या पुढे एकट्या मुलीसाठी हा फरक लहान नाही.

मला आतून बुलेटच्या घराण्यातलं काहीतरी हवं होतं, हे कबूल करतो. त्या आवाजात माझं कॉलेज आहे. मुलीनं ओळखलं. म्हणाली, "गाडी मी चालवणार आहे, तुमच्या आठवणी नाही." अखेर तडजोड त्याच घराण्यात झाली. २०२०च्या नोव्हेंबरात आलेली मिटिऑर ३५०. वजन एकशे नव्वदच्या घरात, म्हणजे हलकी नव्हेच. पण सीट ७६५ मिलिमीटर, दोन्ही पाय सपाट टेकतात. वजन खाली असल्यानं हळू चालवतानाही डोलत नाही. अलॉय चाकं, ट्यूबलेस टायर, पंधरा लिटरची टाकी. खाच-खळग्यात ती हिमालयनसारखी उडी घेणार नाही आणि ट्रॅफिकमध्ये स्कूटरसारखी फटीतून निसटणार नाही. दोन्ही कामांत ती दुसरी येते. पण जिला दोन्ही कामं एकाच घोड्यावर करायची आहेत, तिनं एका कामात पहिल्या आणि दुसऱ्यात नापास होणाऱ्या गाडीपेक्षा हीच घ्यावी.

त्यात सरकारच्या एका रेषेनंही भर घातली. २२ सप्टेंबर २०२५पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवर चाळीस टक्के झाला. एकेकाळी परवाना ठरवायचा, मग पेट्रोलचा भाव ठरवू लागला, आता कराची रेषा ठरवते. निवड आपली असते असं आपण म्हणतो, पण ती कधीच पूर्ण आपली नसते.

राहता राहिली तिची अम्मी. शोरूमला जायच्या दिवशी ती न सांगता साडी बदलून तयार झाली. विक्रेता मुलगा उत्साहात रंग, हप्ते, नकाशा दाखवणारी स्क्रीन असं सगळं सांगत होता. ॲव्हरेजचा प्रश्न येणार म्हणून त्याचं उत्तरही तयार असावं. माझ्या पत्नीनं एकच विचारलं, "ही थांबते का?"

तो गोंधळला. मला मात्र वाटलं, इतक्या वर्षांच्या इतिहासात कोणी विचारायला हवा होता तो प्रश्न हाच. आपण नंबर कधी लागेल विचारलं, ॲव्हरेज विचारलं, पिकअप विचारला. थांबण्याचं कोणी विचारलं नाही. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं व्हायला २०१९चा एप्रिल उजाडावा लागला. ब्रेक कितीही जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी ही यंत्रणा. मी पत्नीला समजावून सांगितलं की त्या दिवशी कशेडीत आपलं चाक जाम झालं होतं, तसं यात होत नाही. चोवीस वर्षांत आम्ही दोघं त्या दिवसाबद्दल पहिल्यांदाच बोललो, तेही एका अनोळखी पोरासमोर.

आणखी एक गोष्ट मुलीनं तिला सांगितली. २०११ साली पुण्यात उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख या दोन तरुणींनी 'बायकर्नी' नावाची बायकांची मोटारसायकल संघटना काढली आणि त्याच वर्षी त्यांचा जथा खारदुंगलापर्यंत जाऊन आला. फिरदौस हे नाव ऐकून पत्नीनं मान वर केली, एवढंच. पण वर केली.

डिसेंबरात मुलगी पहिल्यांदा एकटी खेडला निघाली. हेल्मेट, हातमोजे, मागे घट्ट बांधलेली बॅग. ठरलं होतं की कशेडीच्या आधी एक फोन आणि नंतर एक. आता डोंगराखालून बोगदा झाला आहे, पण तिला जुन्या घाटानंच जायचं होतं. पोलादपूरला चहाला थांबून तिनं फोन केला. तिनं विचारलं, "अम्मी, ते वळण नेमकं कोणतं?"

मला ते सांगता आलं नसतं. पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं फोन हातात घेतला आणि शांतपणे सांगितलं, "घाटमाथा सोडलास की उताराला डाव्या हाताला पाणी वाहतं. त्याच्या पुढचं. तिथं पुढचं काही दिसत नाही. दुसरा गिअर ठेव आणि आधीच हळू हो."

फोन ठेवून ती परत भाकऱ्यांकडे वळली. पुढचा अर्धा तास आम्ही दोघं काही बोललो नाही. मग फोन वाजला.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)